भाडेकरूसकट फ्लॅट विकत घ्यावा का?

पिंपळपान
नमस्कार मंडळी. सात-आठ महिने रिसेलचा फ्लॅट शोधतोय. जिने चढून गुडघे कुरकुरायला लागल्यावर आता कुठे एक पसंत पडलाय. दोन बेडरूम, इमारत नऊ वर्षांची, सोसायटी नोंदलेली. भाव 70 लाखांच्या आसपास, म्हणजे शेजारच्या इमारतीपेक्षा थोडा कमीच. कमी का, ते दुसऱ्या भेटीत कळलं. आत भाडेकरू राहतात. नवरा-बायको आणि एक लहान मुलगी. करार 36 महिन्यांचा, त्यातले 14 शिल्लक. भाडं 24 हजार, डिपॉझिट 1 लाख.

मालक मुलाकडे परदेशात असतात, व्यवहार त्यांचे धाकटे बंधू बघतात. ते म्हणतात, "भाडेकरू सोन्यासारखा आहे, राहू द्या." एजंट म्हणतो, "साहेब, विक्री झाली की करार आपोआप रद्द, महिन्याभरात घर रिकामं." दोघं एकाच सोफ्यावर बसून हे बोलत होते, म्हणून जास्त शंका आली.

आम्हाला शेवटी तिथे स्वतः राहायला जायचंय, पण घाई नाही. आत्ता जिथे भाड्याने राहतो तिथे अजून वर्षभर राहता येईल. प्रश्न असे की हा करार आम्हाला बांधील असतो का? डिपॉझिट कोणी परत करायचं? आणि 14 महिन्यांनी ते नाही निघाले तर? अनुभव असलेल्यांनी लिहा. बाकीच्यांनीही लिहा, तसंही लिहिणारच आहात :)

तिरकस
भाडेकरू किमतीत धरलाय की त्याच्यावर वेगळी स्टॅम्प ड्युटी?

गोदाकाठ
घेऊ नका. एका शब्दात सांगायचं तर हेच. पण धागा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही घेतला तेव्हा मालकाचं म्हणणं, "खरेदीखताच्या आधी रिकामा करून देतो." खरेदीखताची तारीख आली, बँकेचा चेक तयार, आणि भाडेकरू म्हणाला मुलीची बारावी आहे, परीक्षा होईस्तोवर थांबा. आम्ही भिडेखातर थांबलो. परीक्षा झाली, मग निकाल, मग प्रवेश. आठ महिने एकीकडे हप्ता भरत होतो आणि दुसरीकडे स्वतः राहत होतो त्या घराचं भाडं. कागदावर मात्र "रिकामा व प्रत्यक्ष ताबा मिळाला" असं लिहून सही करून बसलेलो. त्यामुळे मालकाकडे तोंड उघडायची सोय नव्हती.

शेवंता
गोदाकाठ, तुमचा प्रश्न भाडेकरूचा नव्हता हो, न मिळालेल्या ताब्यावर सही केल्याचा होता.

आम्ही ठरवून भाडेकरूसकट घेतलं. गुंतवणूक म्हणूनच घ्यायचं होतं. रिकामं घर घेतलं असतं तर रंगरंगोटी, एजंटची दलाली आणि दोन-तीन महिने घर बंद. इथे पहिल्या महिन्यापासून भाडं सुरू. शिवाय कोण राहतंय, कसं ठेवलंय, हे सगळं घेण्याआधीच बघायला मिळालं. स्वयंपाकघरातला ओटा बघूनच मी ठरवलं, हे लोक राहू देत. आज चार वर्षं झाली, अजून आहेत.

रातकिडा
एजंटचं बरोबर आहे. आपल्याकडे होतो तो लीव्ह अँड लायसन्स, भाडेपट्टा नव्हे. लायसन्स म्हणजे राहायची नुसती परवानगी. देणारा बदलला, परवानगी संपली.

बिनपगारी
रातकिडा, असं बिनधास्त लिहू नका, कोणीतरी वाचून खरंच कुलूप बदलायला जाईल. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 109 बघा. जुन्या मालकाचे सगळे हक्क आणि सगळ्या जबाबदाऱ्या नव्या मालकाकडे येतात. घर विकल्याने करार मोडत नाही. अख्ख्या जगात हेच चालतं.

रातकिडा
कलम 109 भाडेपट्ट्याचं आहे. मी लायसन्सबद्दल बोलतोय. अख्ख्या जगाचं मला माहीत नाही, मी महाराष्ट्रात राहतो.

बिनपगारी
नाव काहीही द्या. दाराला आतून कडी लावून कुटुंब राहतंय, त्याला परवानगी म्हणायचं?

कुलमुखत्यार
वकिलीला वीस वर्षं झाली, म्हणून मध्ये पडते. गंमत म्हणजे तुम्ही दोघंही बरोबर आहात आणि भांडण चुकीच्या जागी चाललंय.

भाडेपट्टा असेल तर कलम 109 लागतं. खरेदीदार मालकाच्या जागी उभा राहतो, मुदत पाळावी लागते. विक्रीआधीची थकबाकी मात्र त्याला मिळत नाही, ती जुन्या मालकाची. आणि घर विकलंय हे भाडेकरूला कोणी कळवलंच नसेल आणि त्याने भोळेपणाने जुन्या मालकालाच भाडं दिलं, तर तेच भाडं नव्या मालकाला पुन्हा द्यायला तो बांधील नाही. हे वाक्य खरेदीदारांनी दोनदा वाचावं.

लायसन्स असेल तर रातकिडांचा मुद्दा खरा. भारतीय सुविधाधिकार कायदाही 1882 चाच. त्याचं कलम 59 सांगतं की परवानगी देणाऱ्याने मिळकत विकली तर घेणारा त्या परवानगीला बांधील नसतो. पण बांधील नाही म्हणजे दुसऱ्या दिवशी सामान बाहेर, असं नाही. कलम 63 प्रमाणे निघायला वाजवी वेळ द्यावा लागतो, आणि तरी तो निघाला नाही तर कायद्याच्या वाटेनेच जावं लागतं.

आता बिनपगारींचा प्रश्न, नाव काहीही दिलं तर? सर्वोच्च न्यायालयाचा 1959 चा असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर हा निकाल आम्ही सगळे पहिल्या वर्षी शिकतो. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलात केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्याला जागा दिली होती, कागदावर शब्द होता लायसन्स. बहुमताने निकाल लागला की हा भाडेपट्टाच आहे. मथळ्यात काय छापलंय त्यापेक्षा आतला मजकूर आणि प्रत्यक्ष ताबा काय सांगतो ते बघायचं. त्यामुळे पिंपळपान, एजंट, मालकाचे बंधू आणि या धाग्यावरचे आम्ही सगळे जरा बाजूला ठेवा. आधी करार हातात घ्या आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. विक्रीबद्दल कलम आहे का, लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ घर सोडता न येण्याची अट, आहे का, नोटीस किती दिवसांची.

तिरकस
म्हणजे आपला सगळा भाडेकरू कायदा एका खुर्चीत बसून, मानेभोवती टॉवेल गुंडाळून तयार झालाय तर.

चौथामजला
इथे सगळे घेणाऱ्याच्या बाजूने लिहितायत. मी आतला माणूस होतो, ती बाजू सांगतो.

आम्ही राहत होतो ते घर विकलं गेलं, आणि हे आम्हाला वॉचमनकडून कळलं. आधी दोन रविवार अनोळखी लोक घर बघून गेले. मालक म्हणाले, "बँकेचे लोक आहेत." तिसऱ्या महिन्यात एकांचा फोन. "मी नवीन मालक, भाडं माझ्या खात्यात टाका." जुन्या मालकांना विचारलं तर म्हणाले अजून थोडे पैसे यायचेत, तोवर मलाच द्या. दोघांनाही भाडं हवं होतं. घरातला नळ गळत होता तो मात्र कोणाचाच नव्हता. दोघं एकमेकांकडे बोट दाखवायचे.

पुढे घर सोडताना डिपॉझिट मागितलं. नवीन मालक म्हणाले, "माझ्याकडे आलंच नाही." जुने म्हणाले, "ते मी किमतीत वळतं करून दिलंय." खरेदीखतात डिपॉझिटचा एका शब्दाने उल्लेख नव्हता. साठ हजार रुपयांसाठी पाच महिने खेपा घातल्या. शेवटी दोघांनी निम्मे-निम्मे दिले, आणि तेही उपकार केल्यासारखे.

पिंपळपान, तुम्ही त्या कुटुंबाशी स्वतः बोललात का? मालक आणि एजंट सोडून?

पिंपळपान
नाही हो. दोन्ही वेळा एजंट सोबत होता. त्या ताईंनी दार उघडलं आणि मुलीला घेऊन बाल्कनीत जाऊन उभ्या राहिल्या. आता वाईट वाटतंय.

शेवंता
चौथामजला, हे फार होतं. आमच्याकडे टोकनच्या आधी मी एकटी जाऊन तासभर बसले होते. त्यांना एवढंच विचारलं की तुमच्या समजुतीप्रमाणे ठरलंय काय? भाडं किती, कुठपर्यंत भरलंय, डिपॉझिट किती, मालकाने तोंडी काय काय कबूल केलंय. मग तेच एका कागदावर लिहून त्यांची सही घेतली. त्यातून कळलं की मालकाने त्यांना "पुढची दोन वर्षं भाडं वाढवणार नाही" असा शब्द दिला होता. करारात नव्हतं. मालक विसरले होते, भाडेकरू कसे विसरतील?

फिरस्ता
त्या कागदात "आगाऊ भाडं दिलंय का" हेही घाला. माझ्या मेहुण्याने घेतलं तिथे भाडेकरूने वर्षभराचं भाडं एकरकमी देऊन टाकलं होतं, घासाघीस करून थोडं कमी करून. मेहुणा दर महिन्याच्या पाच तारखेला खातं बघतोय आणि खातं कोरडं.

आणि डिपॉझिट 1 लाखच आहे याची खात्री करा. हेवी डिपॉझिटची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. मालकाला पैशांची गरज, म्हणून 10-15 लाख डिपॉझिट आणि भाडं नावापुरतं. असं घर घेतलंत तर 15 लाखांचं देणं विकत घेताय.

वाडाचिरेबंद
तुमचे प्रश्न फारच आधुनिक आहेत हो. आमच्या काकांनी 1980 च्या दशकात वाड्यातला एक भाग "भाडेकरूसह" घेतला. स्वस्तात मिळाला म्हणून खूश होते. काका गेले, भाडेकरू गेले, आता दोघांची मुलं कोर्टात भेटतात. महिन्याचं भाडं कोर्टात जायच्या रिक्षाला पुरत नाही.

बिनपगारी
तो जुना संरक्षित भाडेकरू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 लागू झाला 31 मार्च 2000 पासून, पण जुनं संरक्षण तसंच राहिलं. वर्षाला 4 टक्के भाडेवाढ, बस्स.

वाडाचिरेबंद
चार टक्के कशाचे तेही बघा ना. ज्याचं मूळ भाडं 37 रुपये आहे त्याचे चार टक्के :(

कुलमुखत्यार
वाडाचिरेबंद, तुमच्या काकांचा मामला पूर्ण वेगळा, पण धाग्याच्या कामाचा आहे. संरक्षित भाडेकरू असेल तर "मला स्वतःला राहायचंय" एवढं म्हणून भागत नाही. कलम 16 मध्ये खरी आणि वाजवी गरज सिद्ध करावी लागते. आणि वर न्यायालय तुलना करतं, हुकूम दिला तर जास्त त्रास कोणाला, न दिला तर कोणाला. राहतं घर सोडून दुसरं घर विकत घेऊ शकणारा माणूस त्या तराजूत कुठे बसेल, ते तुम्हीच ठरवा. पागडीची किंवा जुन्या भाडेकरूची जागा "स्वस्त" दिसली की आधी हे आठवावं.

उगाचच
एवढं काय त्यात? लाइट-पाणी बंद करा, आठवड्यात निघतात.

बिनपगारी
उगाचच, आयडी सार्थ केलात. अत्यावश्यक सोयी तोडायला मालकाला त्याच कायद्याने मनाई आहे, कलम 29. त्यात तुम्ही पडता आरोपी आणि तो फिर्यादी.

चौथामजला
आणि त्या घरात लहान मुलगी आहे असं वर लिहिलंय. वाचलंत का?

उगाचच
बरं बरं. हलके घ्या.

स्टॅम्पवाला
उशिरा आलो. मी वकील नाही, नोंदणी कार्यालयाच्या दारात बसून दस्त करून देतो. तीस वर्षांत किती भाडेकरार केले त्याचा हिशोब नाही. पहिला आणि शेवटचा प्रश्न असा की पिंपळपान, त्या 36 महिन्यांच्या कराराचा दस्त क्रमांक काय? इतका वेळ कोणी विचारलंच नाही. सगळे 1959 सालात फिरतायत.

कुलमुखत्यार
दस्त क्रमांक! खरंच राहून गेलं. स्टॅम्पवाला काका, नमस्कार.

पिंपळपान
आज संध्याकाळी बंधूंकडून कराराची झेरॉक्स घेतली. 500 च्या स्टॅम्प पेपरवर आहे, पानापानावर सह्या, शेवटी नोटरीचा गोल शिक्का. दस्त क्रमांक कुठेच नाही. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर शोधलं, तर त्याच फ्लॅटचा एक जुना 11 महिन्यांचा करार सापडला, आधीच्या कुणा भाडेकरूचा. यांचा नाही. बंधू म्हणतात, "नोटरी केलाय, म्हणजे पक्का."

स्टॅम्पवाला
वाटलंच. नोटरी म्हणजे सही करताना माणूस समोर होता एवढंच. नोंदणी नव्हे. लोक म्हणतात 11 महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, तेही आपल्या राज्यात खरं नाही. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55. लीव्ह अँड लायसन्स लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची.

खर्चाचं रडगाणं ऐकायला मिळतं म्हणून आकडा देतो. समजा 11 महिने, भाडं 24 हजार, डिपॉझिट 1 लाख. भाडं झालं 2 लाख 64 हजार. डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरतात, 11 महिन्यांचं साधारण 9,167. बेरीज 2,73,167, त्यावर पाव टक्का मुद्रांक म्हणजे सातशेच्या आत. शहरात नोंदणी फी 1,000. घरबसल्या ऑनलाइन होतो, अंगठा आणि फोटो लागतो. 70 लाखांच्या फ्लॅटचा मालक या दोन हजारांसाठी नोटरीकडे जातो!

गोदाकाठ
मी पहिल्याच प्रतिसादात काय लिहिलं होतं?

शेवंता
"घेऊ नका" लिहिलं होतंत. पण नोंदणी बघा हे नव्हतं लिहिलंत :)

कुलमुखत्यार
पिंपळपान, याचा अर्थ नीट समजून घ्या. नोंदवलेला करार नसेल तर अटी काय होत्या यावर भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरायचं, खोटं ठरेपर्यंत. कलम 55 असंच सांगतं. उद्या ते म्हणाले की हा लायसन्स नव्हता, आम्ही भाडेकरू आहोत आणि मुदत ठरलीच नव्हती, तर खोटं ठरवायचं ओझं तुमच्यावर. नोंदणी न केल्याबद्दल मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड आहे, पण त्याने तुमचा प्रश्न सुटत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, जी दलाल कधीच सांगत नाहीत. मुदत संपूनही लायसन्सी निघत नसेल तर मालकासाठी कलम 24 हा जवळचा रस्ता आहे. दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई. पण त्या कलमाच्या स्पष्टीकरणात "मालक" या शब्दात कोण येतं ते लिहिलंय. मूळ मालक वारला तर त्याचा वारस येतो. विकत घेणाऱ्याचा तिथे उल्लेख नाही. विकत घेणारा त्यात बसतो की नाही यावर समोरचा वकील वाद घालू शकतो आणि घालतोच. म्हणून मी माझ्या अशिलांना जुन्या करारावर विसंबू देत नाही. खरेदीच्या दिवशीच तुमच्या नावाने नवा लीव्ह अँड लायसन्स करायचा आणि नोंदवायचा. मग परवानगी देणारे तुम्हीच, आणि हा वाद उरतच नाही.

रातकिडा
हे मलाही नवीन होतं. वाचनखूण साठवली.

बिनपगारी
मलाही. रातकिडा, आपण दोघंही एक-एक पायरी मागे.

आकडेमोड
सगळे भाडेकरूमागे लागलेत, मला वेगळीच गोष्ट खटकतेय. पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय, मालक परदेशात असतात. पाहुणे म्हणून गेलेत की कर कायद्याच्या दृष्टीने अनिवासी आहेत? निवासी विक्रेत्याकडून 50 लाख किंवा त्यावरचं घर घेताना 1 टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापतो, सगळ्यांना ठाऊक आहे. विक्रेता अनिवासी असेल तर तो नियम नाहीच. दर बराच जास्त, आणि 50 लाखांची मर्यादाही नाही. त्यांना कमी कपात हवी असेल तर आयकर खात्याकडून तसं प्रमाणपत्र आणायचं, आणि ते त्यांनी आणायचं. एक टक्का कापून मोकळे झालात तर उरलेला कर खातं तुमच्याकडे मागेल. त्यापुढे भाडेकरूचा प्रश्न फार किरकोळ वाटेल.

पिंपळपान
अरे देवा. चार वर्षांपासून तिकडेच आहेत. आणि सही बंधू करणार, कुलमुखत्यारपत्रावर. आता कुलमुखत्यार आयडीलाच कुलमुखत्यारपत्राबद्दल विचारायची वेळ आली.

कुलमुखत्यार
या विनोदाची मी दहा वर्षं वाट बघत होते :) तिकडच्या आपल्या वकिलातीत साक्षांकित करून किंवा अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिकडचा सरकारी दाखला) होऊन आलंय का, ते राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथला मुद्रांक भरलाय का, आणि त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिलाय का, एवढं बघा. पुष्कळदा "देखभाल आणि भाडेवसुली"चं पत्र असतं आणि त्यावर विक्री करायला निघतात. शिवाय मालकांशी व्हिडिओ कॉलवर एकदा बोला.

स्टॅम्पवाला
खरेदीखतात काय घालायचं ते आमच्या भाषेत सांगतो. ताब्याच्या कलमात "रिकामा ताबा" लिहू नका, "अमुक व्यक्ती राहत असलेल्या स्थितीत ताबा" लिहा. डिपॉझिट 1 लाख किमतीतून वजा केलं आणि परत करायची जबाबदारी घेणाऱ्याने घेतली, हे आकड्यात आणि अक्षरात. भाडं कोणत्या तारखेपासून कोणाचं, तेही. लिहिलं नाही तर कायदा दिवसाच्या हिशोबाने वाटणी करतो, पण मग कॅल्क्युलेटर घेऊन भांडण. आणि जुना मालक, नवा मालक, भाडेकरू असं तिघांच्या सहीचं एक पत्र: घर विकलं, यापुढे भाडं या खात्यात, डिपॉझिट यांच्याकडे आलं. चौथामजला यांचे साठ हजार या एका पानाने वाचले असते.

फिरस्ता
सोसायटीचंही विचारा. घर भाड्याने असेल तर बिनभोगवटा शुल्क लागतं, सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. काही मालक भाडेकरूला "पाहुणे" म्हणून दाखवतात आणि ते भरतच नाहीत. मग हस्तांतरणाच्या वेळी थकबाकी निघते.

तिरकस
आमच्या सोसायटीत एक पाहुणे सहा वर्षं आहेत. गेल्या वर्षी सेक्रेटरी झाले.

शेवंता
पिंपळपान, आत जाल तेव्हा वस्तूंची यादी करा. पंखे, गिझर, गॅसची शेगडी, पडद्यांचे दांडे, काय मालकाचं आणि काय भाडेकरूचं. आम्ही फोटो काढले होते, तरी एका कपाटावरून गोंधळ झालाच.

आकडेमोड
जाता जाता: 24 हजार गुणिले 12, भागिले 70 लाख. वर्षाला साधारण 4.1 टक्के, त्यातून मेंटेनन्स आणि मालमत्ता कर जायचा. "भाड्यातून हप्ता निघतो" असं एजंट म्हणाला असेल तर त्याला कोणत्या बँकेचा हप्ता ते विचारा.

पिंपळपान
बऱ्याच दिवसांनी येतोय. मधल्या काळात काय झालं ते सांगतो, कारण अर्धवट सोडलेल्या धाग्यांचा मलाच राग येतो.

रविवारी एजंटला न सांगता बायकोसोबत त्या कुटुंबाकडे गेलो. आधी फोन केला होता. त्या ताईंनी पहिलं वाक्य काय म्हणावं? "तुम्ही पहिले आहात, ज्यांनी बेल वाजवण्याआधी फोन केला." आमच्या आधी अकराजण घर बघून गेले होते. विकायचं ठरलंय हे मालकांनी त्यांना सांगितलंच नव्हतं, बंधूंनी "मूल्यांकन" म्हणून सांगितलं होतं. भाडं, डिपॉझिट सगळं जुळलं. आगाऊ काही दिलेलं नाही. एक गोष्ट नवीन कळली. पुढच्या जूनमध्ये मुलगी पहिलीत जाणार, शाळा दुसऱ्या टोकाला, त्यामुळे मे महिन्यात ते स्वतःच सोडणार होते. 14 महिने त्यांनाच नको होते! मालकांना सांगायला घाबरत होते, मुदतीआधी सोडलं तर डिपॉझिट कापतील म्हणून.

म्हणून असं ठरलंय: आमच्या नावाने 11 महिन्यांचा नवा करार, नोंदणीसह, एक महिन्याच्या नोटिशीवर ते कधीही सोडू शकतात. डिपॉझिट किमतीतून वजा. तिघांच्या सहीचं पत्र स्टॅम्पवाला काकांनी सांगितल्याप्रमाणे एका वकिलांकडून करून घेतोय. बंधूंना नोंदणीचं सांगितलं तेव्हा थोडे फुरंगटले, पण आकडा ऐकल्यावर गप्प बसले (स्टॅम्पवाला काकांचे आभार).

अडलंय ते आकडेमोड म्हणाले तिथेच. कमी कपातीच्या प्रमाणपत्रासाठी मालकांनी अर्ज केलाय. ते येईपर्यंत खरेदीखत नाही असं आम्ही लेखी कळवलंय. टोकन दिलंय, ते प्रमाणपत्र न आल्यास परत, असंही लिहून घेतलंय. एजंट रोज फोन करतो. मी रोज तेच सांगतो.

गोदाकाठ
छान केलंत. "घेऊ नका" मागे घेतो. अर्धं.

चौथामजला
फोन करून गेलात हे वाचून बरं वाटलं.

कुलमुखत्यार
नवा करार खरेदीखताच्या आधी नोंदवू नका हं. तेव्हा तुम्ही मालकच नसता. त्याच दिवशी, खरेदीखतानंतर.

पिंपळपान
नोंद केली. हो, शेवंता ताई, यादी केली. पंखे मालकांचे, शेगडी त्यांची. गिझर मालकांचा आहे असं बंधूंनी छातीठोक सांगितलं होतं. त्या ताईंनी शांतपणे खरेदीची पावती आणून दाखवली. गिझर भाडेकरूंचा.

तिरकस
नोंदवलेली होती का पावती?